बारा बोअरच्या नळीत वीसचं काडतूस

जव्हार-मोखाड्याला जायचं तर पावसाळ्यात जा, असं नाशकात कुणीही सांगतं. धुकं, धबधबे, रस्त्याकडेला भाजलेली कणसं. मी गेलो तो दिवाळी सरल्यावर, भाताची कापणी उरकत आली असताना, आणि एकटाच. मला धबधबा बघायचा नव्हता. एका माणसाला भेटून त्याचे आभार मानायचे होते. हे काम मी इतकी वर्षं पुढे ढकललं होतं की आमची ही म्हणायची, "तुमचं जव्हार म्हणजे न जमणाऱ्या लग्नाची बोलणी." ती गेली, मी रिटायर झालो, गुडघे कुरकुरायला लागले, तेव्हा कुठे एकदाचं तिकीट काढलं.

तोरंगणचा घाट

त्र्यंबक मागे पडलं की नाशिकची ओळख पुसत जाते. द्राक्षाचे मांडव संपतात, काळी माती संपते. तोरंगणच्या घाटात गाडी वळायला लागली तशी खाली खाचरं दिसू लागली. काही कापून मोकळी, काहींत भाताचे भारे रचलेले. वरच्या उताराच्या जमिनीत नागली आणि वरई. सागाची पानं जाळीदार होऊन गळायला आली होती. खिडकीतून गार वारा येत होता आणि मी पिशवीतलं लुगडं पुन्हापुन्हा चाचपत होतो. सोमाच्या बायकोसाठी घेतलं होतं. तिचं नावही मला माहीत नव्हतं.

सोमा कोण ते आधी सांगतो. वांगणीच्या बाजूला एका पाड्यावर त्याचं घर. पाड्याचं नाव लिहीत नाही, का ते पुढे कळेल. रानडुकरांपासून भात राखायला त्याच्याकडे परवान्याची एकनळी बंदूक होती, बारा बोअरची. मी नाशकातल्या एका बंदुकीच्या दुकानात काउंटरमागे उभं आयुष्य काढलं. स्वतः चिमणीही मारली नाही. हलवायाच्या दुकानातल्या माणसाला पेढ्याचा कंटाळा येतो, तसंच ते. सोमा वर्षातून दोनदा काडतुसं घ्यायला यायचा. परवाना डुकरांचा होता, पण मागायचा बारीक छर्ऱ्यांची काडतुसं. बारीक छर्ऱ्याने डुकराला गुदगुल्याही होत नाहीत. ती जायची तित्तर आणि लाव्यांवर, हे त्यालाही माहीत होतं आणि आम्हालाही. कायदा तेव्हाही होता, पण घाट चढून रानात पोचेपर्यंत तो दमायचा. आता शिकार पार बंद आहे आणि ते चांगलंच आहे.

बोअर म्हणजे काय, हे आमच्याकडे रोज कुणाला तरी समजावावं लागे. एक पौंड शिशाच्या सारख्या बारा गोळ्या करायच्या. त्यातली एक गोळी ज्या नळीत नेमकी बसेल ती बारा बोअर. वीस गोळ्या केल्या तर गोळी लहान होते, म्हणून वीस बोअरची नळी बारीक. आकडा मोठा तेवढी नळी लहान. नवखं गिऱ्हाईक हमखास ऐटीत म्हणे, "बारा कशाला, वीसच दाखवा की."

पाखरांच्या मागे लागलेली माणसं मात्र बाराच मागत. वीसची बंदूक हलकी, खांद्याला कमी धक्का देणारी, डोंगर चढायला बरी. मी एकदा सोमाला म्हटलं, तू डोंगरातला माणूस, वीस घे. तो काउंटरवर कोपर टेकून हसला.

"पाखरू येक असतं भाऊ. हवा लई असते," तो म्हणाला.

याहून नीट मला आजवर कुणी सांगितलेलं नाही. तित्तर पायाखालून भुर्रकन उठतो. नेम धरायला वेळ नसतो, बंदूक नुसती त्याच्या दिशेने फेकावी लागते. बाराच्या काडतुसात छर्रे जास्त मावतात, सुपाएवढी हवा एका दमात भरून जाते आणि पाखरू त्यात कुठेतरी सापडतं. दुसरं कारण साधं होतं. बाराची काडतुसं मिठासारखी, कधीही मागा, दुकानात असायचीच. वीसची मागवावी लागत, आणि ती एखाद्या डॉक्टरसाहेबासाठीच मागवली जात.

मोखाडा

मोखाड्याला दुपारी उतरलो. स्टँडजवळच्या खानावळीत नागलीची भाकरी, उडदाची आमटी आणि खुरासणीची चटणी मिळाली. आमच्याकडे आमटी म्हटली की गूळ आणि चिंच आलीच. इथे उडीद सालासकट शिजवलेले, वर लसणाची फोडणी, बस्स. पहिल्या घासाला नाक मुरडलं आणि तिसऱ्या घासाला आणखी मागितली. वाढणारी बाई म्हणाली, "खा ना. तू लांबून आलास ना?" तिच्याहून मी वीस वर्षांनी मोठा असेन. इथल्या खेड्यांत घरी बोलायची भाषा वेगळी. मराठी बोलताना मोठ्या माणसालाही लोक तू म्हणतात. पहिल्या दिवशी कानाला खटकलं. दुसऱ्या दिवशी कुणी "अहो" म्हणालं तर मीच वळून मागे बघायला लागलो.

जेवून उठलो आणि हात धुताना काडतुसांची गोष्ट मनात आलीच. ती सांगितल्याशिवाय पुढचा रस्ता कळायचा नाही, म्हणून सांगतो.

मी तेव्हा तेवीस वर्षांचा होतो. सकाळी एका डॉक्टरसाहेबांनी वीसचं उघडलेलं खोकं परत आणून दिलं. मी ते बाराच्या ट्रेला चिकटूनच ठेवलं. दुपारी सोमा आला. मला तीनचा सिनेमा गाठायचा होता, मित्र दारात सायकलची घंटी वाजवत होता. मी मित्राकडे बघत, हसत, हाताने चाचपून दहा काडतुसं उचलली आणि वर्तमानपत्रात गुंडाळून दिली. त्या काळी आमच्याकडची दोन्ही काडतुसं लाल कागदाचीच होती. सोमाने पुडी तशीच पिशवीत टाकली. त्याला जव्हारची गाडी गाठायची होती.

संध्याकाळी आवरताना डॉक्टरांच्या खोक्यात दोन कमी दिसली आणि बाराच्या ट्रेमध्ये दोन जास्त. मला तिथल्या तिथे कळलं.

वीसचं काडतूस बाराच्या नळीत घातलं की ते मागे राहत नाही. घसरून पुढे जातं आणि नळी जिथे अरुंद होते तिथे बूच बसल्यासारखं अडकतं. घोडा ओढला की नुसती टक असा आवाज होतो. माणसाला वाटतं, काडतूस भरायचंच राहिलं. तो नळी बिजागरीवर मोडून उघडतो, मागची जागा रिकामी दिसते, बाराचं काडतूस भरतो आणि पुन्हा घोडा ओढतो. या खेपेला नळी फुटते. फुटते ती नेमकी जिथे डावा हात बंदूक तोलून धरतो तिथे.

एक पोस्टकार्ड पुरलं असतं. "दोन काडतुसं बारीक आहेत, वापरू नकोस." शेठ नोकरीवरून काढतील म्हणून मी लिहिलं नाही. शिकाऱ्याला काय डोळे नाहीत, भरताना दिसेलच की, अशी स्वतःची समजूत घातली. महिन्याभरात जव्हारच्या एका गिऱ्हाइकाकडून कळलं की सोमाचा डावा हात मनगटापासून गेला.

सहा-सात महिन्यांनी सोमा दुकानात आला. डाव्या बाहीला गाठ मारलेली. शेठ जेवायला गेले होते. त्याने खिशातून एक पितळेची चेपलेली टोपी काढून काउंटरवर ठेवली. काडतुसाच्या बुडाला असते ती. काळी पडली होती, पण वीसची होती, हे सांगायला माप लागत नव्हतं.

"नळीच्या तुकड्यात अडकली व्हती," तो म्हणाला.

त्याने माझ्याकडे बघितलं, मग दाराकडे.

"कोनाला सांगू नको. मीबी नाय सांगत."

टोपी पुन्हा खिशात घालून तो गेला, तो परत दुकानात आला नाही. माझी नोकरी राहिली, लग्न झालं, दोन मुलं झाली, घर झालं. मुलं मोठी झाल्यावर मी त्यांना ही गोष्ट सांगितली. हात गमावूनही ज्याने माझी चूक पोटात घातली असा एक माणूस डोंगरात राहतो, मोठेपण काय ते त्याच्याकडून शिका, असं मी म्हणायचो. त्याचे आभार मानायला निघालो होतो.

जव्हार

जव्हारला दुसऱ्या दिवशी सकाळी बूट दगा देऊन मोकळा झाला. उजव्या पायाचा तळ पुढून सुटून मगरीसारखा तोंड उघडून चालायला लागला. चांभार बाजाराच्या दिवशीच येतो म्हणे. मग पानाच्या टपरीवाल्याकडून सुतळी घेऊन बूट बांधला आणि तसाच फटक फटक करत गावात हिंडलो. गाव उंचावर आहे. सकाळच्या उन्हात खालच्या दऱ्या निळ्या दिसतात आणि माणसं स्वेटर घालून चहाच्या गाड्यांभोवती उभी असतात. तिथून दाभोशाच्या बाजूची जीप मिळाली. दहा जणांच्या जागेत सोळा जण होतो, त्यात एक कोंबडा.

माझ्या शेजारी एक शिक्षक बसले होते. गाव जामसर, शाळा वांगणीच्या बाजूला. रोज असंच जायचं-यायचं. मी सोमाचं नाव आणि पाडा सांगितला.

"एका हाताचे सोमाबाबा?" ते म्हणाले. "ते वारले ना. भाद्रपदात. तापाचं निमित्त झालं."

मी विचारलं, "या भाद्रपदात?"

"हो, आत्ताच्या. तुम्ही नात्यातले?"

मी नाही म्हटलं. बेचाळीस वर्षं वेळ होता आणि दोन महिन्यांनी चुकलो. मी खिडकीबाहेर बघायला लागलो. दाभोशापाशी नदी खाली खडकांतून वाहताना दिसत होती. पाणी उतरलं होतं, काठच्या खाचरांत बाया भारे बांधत होत्या. उतरून परत फिरावं असं वाटलं. पण लुगडं पिशवीत होतं, आणि त्याच्या बायकोला तरी सांगावं की तुझा नवरा फार मोठा माणूस होता. मास्तरांनी मला पाड्याच्या वाटेला उतरवून दिलं.

पाडा

वाट तासाभराची, सगळी चढाची. कापलेल्या खाचरांतून लावे उडत होते. पंखांचा तो फुर्रर्र आवाज मी गिऱ्हाइकांच्या तोंडून हजारदा ऐकला होता. प्रत्यक्ष ऐकला तो त्या दिवशी, वयाच्या पासष्टाव्या वर्षी. पाड्यावर शुकशुकाट होता. पलीकडच्या माळावर खळं होतं, तिकडून भाताचे भारे झोडपल्याचा आवाज येत होता. सगळी माणसं तिकडेच होती.

कारवीच्या कुडाचं घर, शेणाने स्वच्छ सारवलेलं. अंगणात एक म्हातारी बसून पळसाच्या मुळाचा वाख वळत होती. माझ्या बुटाकडे बघून ती आधी हसली.

"आण अठं तो पाय," म्हणाली. माझी सुतळी तोडून तिने वाखाच्या दोरीने बूट असा आवळला की नाशिकला पोचेपर्यंत हलला नाही. मग विचारलं, "कोन तू?"

मी म्हटलं, नाशिकचा, सोमाच्या ओळखीचा. ती सोमाची बायको, बुधी. लुगडं दिलं तर घडी न मोडता मांडीवर घेऊन बसली. मग उठून भाकरी आणि सुकटीचं कालवण घेऊन आली. वाढता वाढता सोमाबद्दल सांगत राहिली. एका हाताने नांगर कसा धरायचा, झाडावर कसा चढायचा. मी जेवत होतो आणि माळावरून झोडपणीचा आवाज येत होता. सहज बोलायचं म्हणून विचारलं, तू नाही गेलीस खळ्यावर?

"मला चालत नाय," ती म्हणाली.

मला वाटलं, पाय दुखतात. मी माझ्या गुडघ्यांचं रडगाणं सुरू केलं. तिने ऐकून घेतलं आणि मान हलवली.

"तसं नाय. मी बी-भाताला हात नाय लावत. खळ्यात पाय नाय ठेवत. सोमाचा हात माझ्यापायी गेला."

"तुझ्यापायी?" मी विचारलं.

तिने शांतपणे सांगितलं; इतक्या वर्षांत सांगून सांगून त्यातला काटा बोथट झालेला असावा. पावसाळी हवेत कागदाची काडतुसं दमटून फुगत, नळीत जात नसत. म्हणून ती उन्हात वाळवायची घरात रीतच होती. त्या साली सोमा नाशकाहून काडतुसं घेऊन आला, तिने ती सुपात ओतली आणि चार दिवस ऊन दाखवलं. पाचव्या दिवशी सूप आत घेताना तिच्या लक्षात आलं की दोन काडतुसं बारीक झालीत.

"मी सोमाला बोलली, ही दोन आखडली. तो हसला. म्हनला, बाईला बंदुकीतला काय कळतं. तशीच पिशवीत भरली. मंग बंदूक फुटली. दवाखान्यातून आला तवा मला बोलला, तू ऊन जास्त दावलंस. आखडलेलं काडतूस नळीत अडाकलं."

पाड्याच्या भगताने कारण शोधायला तांदळाचे दाणे टाकून बघितलं होतं. तो म्हणाला, ज्या सुपातून बी शेतात जातं, त्या सुपात हिने मरण वाळवलं. तेव्हापासून बियाणं काढायला दर साली सोमाची बहीण दुसऱ्या गावाहून यायची. पेरणीला बुधी घरात. मळणीला बुधी घरात. एकुलत्या मुलीच्या लग्नात तांदूळ जावेने निवडले, ही मांडवाबाहेर उभी.

"दुसऱ्यानं घरातून काढली असती," ती म्हणाली. "लोक बोललं त्याला, काढ. सोमानं ठेवली."

मी ताट बाजूला सारलं. सोमाने माझी चूक पोटात घातली असं मी मुलांना सांगत आलो होतो. ती त्याने पोटात घातली नव्हती, हिच्या डोक्यावर ठेवली होती. काडतूस उन्हाने आखडत नाही हे सोमाइतकं कुणाला माहीत असणार? भरताना आपण बघितलं नाही, बायको सांगत होती ते हसण्यावारी नेलं, हे पाड्यासमोर कबूल करायची त्याला लाज वाटली असेल. मला शेठची भीती वाटली होती, त्याला शिकारी म्हणून असलेलं नाव जायची. एवढाच काय तो आमच्यातला फरक. आणि आम्ही दोघं, मी नाशकात आणि ही इथे, त्याच माणसाचे उपकार मानत म्हातारे झालो.

"बुधाबाई," मी म्हटलं, "काडतूस उन्हाने आखडत नाही."

तिने कालवणाचं भांडं खाली ठेवलं.

"वाळतं. आखडत नाही. ती दोन आधीपासूनच बारीक होती. दुसऱ्या बंदुकीची होती. दुकानात ती पुडी मी बांधली. माझं लक्ष नव्हतं."

"कितीबी ऊन लागलं तरी?"

"कितीही."

"चार दीस?"

"महिनाभर ठेवलं असतंस तरी नाही."

मला वाटलं आता शिव्या घालील, हाताला लागेल ते फेकून मारील. मी त्याची तयारी केली होती, खरं तर मला ते हवं होतं. तिने फक्त पदराने तोंड पुसलं.

"हे तठं बोलशील?" तिने माळाकडे बोट केलं. "त्यांच्याम्होरं?"

खळ्यावर

बूट काढून मी खळ्याच्या कडेला उभा राहिलो. बुधी माझ्या मागे दहा पावलांवर थांबली. वीसेक माणसं असतील. भारे उचलायचे, फळीवर झोडपायचे, रिकामा पेंढा मागे भिरकावायचा. सोमाचा धाकटा भाऊ चंदर पुढे आला. तोही सत्तरीला टेकलेला, अंगभर भाताची कुसळं. पाहुणा कोण, काय काम, त्याने विचारलं.

काउंटरमागे हजार वेळा समजावलेली गोष्ट त्या दिवशी मला धड सांगता येईना. बारा म्हणजे मोठी, वीस म्हणजे लहान, यातच अडखळलो. शेवटी कुणीतरी बांबूचे दोन तुकडे हातात दिले, एक जाड पोकळ आणि एक बारीक. बारीक तुकडा जाड्यात टाकून दाखवला. तो घसरत जाऊन आतल्या पेरापाशी थांबला. मग सगळ्यांना कळलं. मी म्हटलं, हे बारीक काडतूस मी दिलं. मला त्याच दिवशी कळलं होतं आणि मी कळवलं नाही. बुधाबाईच्या उन्हाचा यात काही संबंध नाही.

एका बाईने लेकराला कडेवर घेतलं. चंदर बांबूचा तुकडा हातात फिरवत राहिला.

"भगत मेला," तो म्हणाला. "सोमा मेला. बहीन मेली. आता मी कोनाला इचारू?"

"तू सांग," मी म्हटलं. "आता मोठा तूच आहेस."

मग त्याने बांबू टाकला, हात धोतराला पुसले आणि माझ्या खांद्यावरून पलीकडे बघून हाक मारली, "वैनी, ये अठं."

बुधी आली. खळ्याच्या सारवलेल्या कडेशी थांबली, पाय उचलला आणि पुन्हा खाली ठेवला. चंदरच्या बायकोने तिच्या दंडाला धरून तिला आत घेतलं. कुणीतरी तिच्या हातात भारा दिला. तिने झोडपला, पण फळीवर नीट बसला नाही, अर्धे दाणे बाहेर सांडले. दोघीतिघी हसल्या, तीही हसली. मग जावेने तिच्या हातातून भारा काढून घेतला आणि सूप दिलं. ते मात्र तिला येत होतं. वाऱ्याकडे तोंड करून ती पाखडायला बसली ती उन्हं उतरेपर्यंत उठली नाही. मी मेढीच्या खांबाला टेकून तिच्याकडे बघत होतो आणि मला रडू येत होतं. तिने पाखडलेलं भात चंदरने बियाण्याच्या कणगीसाठी वेगळं ठेवलं, तेही मी पाहिलं.

रस्त्यापाशी

दुसऱ्या दिवशी सकाळी बुधी मला जीपच्या वाटेपर्यंत सोडायला आली. नवीन लुगडं नेसली होती. खळ्याबद्दलच बोलत होती. यंदा दाणा भरीव आहे, जावेला पाखडता येत नाही, ती वाऱ्याला पाठ करून बसते. मला वाटत होतं, निदान एवढं तरी नीट झालं.

रस्त्याकडेला दगडावर बसलो. तिने पदराची गाठ सोडली, बांधली आणि विचारलं, "येक सांग. सोमाला ठावं व्हतं?"

नाही म्हणणं फार सोपं होतं. रात्री पाड्यावर पडल्या पडल्या मी तेच ठरवलं होतं, तिने विचारलंच तर. मेलेल्या माणसाला कशाला ओढा, हिला आता चार दिवस सुखाचे मिळू देत. पण याआधी मी दोनदा गप्प बसलो होतो, आणि दोन्ही वेळेला त्याची किंमत दुसऱ्याने दिली होती.

"होतं," मी म्हटलं. पितळेची टोपी, दुकानात आला तो दिवस, तो काय बोलला, सगळं सांगितलं.

तिने बोटांवर महिने मोजले.

"हात गेल्यावर सा महिन्यांनी?"

"सहा-सात."

"मंग तवा येऊन मला का नाय बोलला? घरातच तर व्हती मी."

उत्तर होतं, पण ते माझंही होतं, म्हणून मला ते तिला देता आलं नाही. वळणावर जीपचा हॉर्न ऐकू आला. ती उठली, हात दाखवून तिने जीप थांबवली, माझी पिशवी उचलून आत ठेवली. मी बसलो. ड्रायव्हर घाई करत होता, पण तिने दाराची कडी धरून ठेवली होती.

"दर दिवाळीला मी त्याच्या पाया पडायची," ती म्हणाली. "मला ठेवली म्हनून."

मग तिने दार सोडलं.